चुलवाणातली चमकी

गुऱ्हाळं लागली की मला राग येतो.

दिवाळी सरते, ऊस तोडीला येतो, कारखान्याकडं निघालेल्या ट्रॉल्यांनी बिद्रीचा रस्ता अडतो, आणि मुरगूडच्या एसटीत खिडकीतनं तो वास आत शिरतो. उकळत्या रसाचा. गोड, जरा करपट, जरा धुरकट. माणसं मोबाईलवरनं मान वर काढतात. म्हणतात, "लागलं वाटतं गुऱ्हाळ." त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. आणि ज्यानं चाळीस वर्षं काहिलीच्या काठाला उभं राहून तो वास काढला, तो मी खिडकीची काच ओढून घेतो.

मी गुळव्या. चौथी शिकलो, पाचवीत मास्तरांशी भांडलो, ते पुन्हा शाळेचं तोंड बघितलं नाही. रसाचा गूळ कधी झाला ते ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. गुऱ्हाळ मालकाचं, ऊस शेतकऱ्याचा, पण काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, चुलवाणावरनं उतरायची ती माझ्या शब्दावर. मी "उतरवा" म्हटलं की सगळी माणसं एका दमात कड्यांना भिडायची. शब्द जरा अगोदर निघाला तर गूळ चिकट. जरा मागनं निघाला तर करपला, काळा पडला, काहीलभर रसाचं अख्खं आदण वाया गेलं. म्हणून शब्द जपून काढायची सवय लागली. आणि काढलेला शब्द मागं घ्यायची सवय कधी लागलीच नाही. गावात म्हणायचे, तात्या म्हणाला न्हवं, मग झालं.

त्या एका हंगामात तोच शब्द मी गल्लीसमोर मातीत घातला. त्याचं हे सगळं.

---

परवाच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक पाहुणा बसला होता. चांगला इस्त्रीचा शर्ट, हातात वेफर्सचं पाकीट. कागलच्या पुढं पाकीट संपलं तसा त्याचा हात खिडकीबाहेर गेला.

"पावणं," मी म्हटलं, "ते हिकडं द्या."

"काय?"

"पाकीट."

"मोकळं हाय की ते."

"मोकळंच मागतोय. भरलेलं मागायला मी काय भिकारी न्हाय."

मागची चार माणसं हसली. त्यानं पाकीट दिलं, पण असं दिलं की जणू मी त्याच्या खिशात हात घातला. मी ते मुठीत चुरगाळलं, दाबलं, आणि मूठ उघडली. पाकीट माझ्या तळहातावर कुरकुर करत परत उलगडलं. आतली चांदी वर आली.

"बघा," मी म्हटलं, "ह्येला चमकी म्हणत्यात. दुधाची पिशवी चुरगाळली तर गप पडून राहती. ही उलगडती. जी उलगडती ती कुणी घेत न्हाय."

"बरं," तो म्हणाला आणि बाहेर बघत बसला.

त्याच्यावर माझा राग नाही. म्हणजे आहे, पण थोडा. माझा राग त्या पाकिटावर छापलेल्या माणसावर आहे. तुम्ही बघितलाय का तो? मागच्या बाजूला कोपऱ्यात असतो, नखाएवढा. वाकून डब्यात कचरा टाकत असतो. त्याला तोंड नाही, डोळे नाहीत. ज्यानं ही चमकी केली, रंगवली, आत वाटीभर माल आणि परातभर हवा भरली, त्यानं त्याचं काम त्या बिनतोंडाच्या माणसावर ढकललं आणि मोकळा झाला. डब्यात टाका म्हणे. आणि डब्यातनं पुढं कुठं? ते कुठंच छापलेलं नाही. एवढा मोठा कागद, एवढी बारीक अक्षरं, त्यात मिठाचं प्रमाणसुद्धा सांगितलंय, आणि एवढी एक गोष्ट सांगायला जागा नाही.

आमचा गूळ कापडात बांधला जायचा. गूळ खाऊन झाला की ते कापड पोतेरं व्हायचं, पोतेऱ्याची माती व्हायची. आमच्या कोल्हापुरात तर अजून चौकात म्हैस उभी करून समोर धार काढून देतात. त्याच चौकात दूध पिऊन झालं की तोंड पुसून मसाला शेंगदाण्याची पुडी फोडतात आणि म्हशीच्या पायाशी टाकतात. म्हैस ती हुंगते. मला तिथं उभं राहवत नाही.

---

चुरगाळून बघायचं मला दस्तगीरनं शिकवलं. दस्तगीर आमच्या गल्लीच्या तोंडाशी रद्दी-भंगाराचं दुकान चालवतो. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच तोंडाळ. डोळ्यांना वाफ सोसेना म्हणून मी गुऱ्हाळ सोडलं आणि कोल्हापुरात नदीच्या घाटाकडं उतरणाऱ्या ह्या गल्लीत दोन खोल्यांत येऊन पडलो, तेव्हा दिवसभर बसायला ही एकच जागा होती. तो डोळे मिटून माल वेगळा करायचा. पिशवी ताणून बघायचा, डबा टिचकी मारून ऐकायचा. मला ते आवडलं. आम्हीही गुळाचा रंग बघायच्या आधी काहिलीचा आवाज ऐकतो. बुडबुडा मोठा झाला, जड झाला, की आवाज बदलतो. हुन्नर कुठलाही असो, कान लागतोच.

"दूध पिशवी हिकडं, बाटली तिकडं, झाकण येगळं," तो सांगायचा. "आनि चमकी आली तर माझ्या दारात न्हाय पायजे. चार पदर असत्यात तिला, एकमेकांस्नी चिकटलेलं. ते सोडवायचं यंत्र माझ्या बापानं बघितलं न्हाय, मी बी न्हाय."

माझं हे वेड सुरू झालं ते गटारापास्नं. आमच्या दारापुढचं गटार तुंबलं आणि पाणी माझ्या उंबऱ्याला लागलं. मी लोखंडी पळी घेऊन बसलो. रसावरची मळी काढायची, गुऱ्हाळातनं आणलेली. गटारातनं जे निघालं त्यात माती मूठभर नव्हती. सगळी पाकिटं. मी ती नळाखाली धुतली आणि ज्याच्या त्याच्या दारात नेऊन दिली.

"हे तुमचं."

"आमचं कशावरनं वो तात्या?"

"तुमच्या नातवाशिवाय गल्लीत एवढं तिखट कोण खातंय?"

भांडणं झाली. एकानं माझ्या पळीला हात घातला. पण आठ दिवसांत गल्लीला कळलं की हा म्हातारा रोज येणार, धुतलेलं पाकीट घेऊन दारात उभा राहणार, आणि शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलणार. मग लोकांनीच धुवायला सुरुवात केली. माझे तीन हुकूम होते. धुवा. कडकडीत वाळवा. वेगळं ठेवा. गल्लीतल्या गच्च्यांवर पापडासारख्या पिशव्या वाळायला लागल्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा सुटा कापायचा नाही, चीर द्यायची, कोपरा अंगालाच राहू द्यायचा, हेसुद्धा मी घराघरात कात्री हातात घेऊन दाखवलं. तो नखाएवढा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, तो सरळ नदीला जातो.

सगळ्यात आधी ऐकलं ते हौसाक्कानं. तिचं घर माझ्या समोर. नवरा असताना दोघांची पानपट्टी होती, तीस वर्षं तिनं विडे बांधले. आता गुडघे गेलेत. भांडी विसळलेलं पाणी ती टाकायची नाही, त्यात पाकिटं धुवायची, आणि तेच पाणी मग झाडांना. आणि धुतलेल्या चमकीचं ती काय करायची? विडा बांधायची. चमकी उलगडते ना, तर ती तिकोनी घडी घालून शेपूट आत खोचायची. घट्ट. एकदा तिनं खोचलं की उलगडायची टाप नव्हती.

दस्तगीर बोंबलायचा, "आक्का, तुझं विडं सोडवायला माझा एक माणूस बसतोय!"

"तू घेत तर न्हाईस चमकी. मग सोडवतोस कशाला?"

"बाटलीत घालून देतीस म्हनून!"

ती हसायची. सामायिक नळापाशी, देवळाच्या कोपऱ्यावर पाण्याची वाट बघत बायका उभ्या राहायच्या, आणि हौसाक्का एका पायावर, मग दुसऱ्या पायावर. तिथं बसायला काही नाही. तेव्हा नव्हतं.

---

तो टेम्पोवाला गणपती झाल्यावर आला. कुठल्यातरी संस्थेचा म्हणून सांगत होता, गळ्यात कार्ड होतं, ते मी वाचलं नाही. म्हणाला, काका, तुमच्या गल्लीचं नाव ऐकलं, आम्ही सगळं प्लास्टिक नेतो, चमकीसुद्धा.

"चमकीचं काय करतासा?" मी विचारलं.

"बाकडी होत्यात. बागेत बसायची. दाबून, तापवून."

बाकडी! मी त्याच दिवशी नळावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं. आपल्या चमकीचं बाकडं होणार. पहिलं बाकडं हितं, देवळाच्या कोपऱ्यावर. हौसाक्का बसेल. मी म्हटलं, "माझा शब्द."

टेम्पोवाल्यानं गल्लीला बाकडं देतो असं म्हटलंच नव्हतं. बाकडी होतात एवढंच म्हटलं होतं. पुढचं माझं.

दस्तगीरनं मला दुकानात बोलावलं. "तात्या, तो नेतोय कुठं, एवढं इचार. टेम्पोच्या मागनं एकदा जाऊन ये."

"कशापायी?"

"चमकी कोन घेत न्हाय. जो घेतोय त्याला इचारावं."

"तुझ्या पोटात दुखतंय," मी म्हटलं. "तुझ्या धंद्याला जमलं न्हाय ते दुसऱ्यानं केलं."

हे मी बोललो. त्याच्या दुकानात, त्याचा चहा हातात धरून. त्यानं माझ्या हातातला कप उचलून घेतला. अर्धा चहा त्यात होता. तीन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही आणि त्याच्या दुकानापुढनं जाताना मी मान दुसरीकडं करायचो.

विचारायला काय लागत होतं? दोन शब्द. कुठं नेतोस. पण विचारणारा माणूस म्हणजे ज्याला माहीत नाही तो. आणि चाळीस वर्षं मला विचारत आलेत.

त्या साली दिवाळीनंतरही पाऊस हटला नव्हता. आभाळ कधी गळेल सांगता येत नव्हतं. मी गल्लीला ओरडत होतो, गच्चीवरनं उतरवा, ओलं होईल, परत वाळवा, ओलं घेणार न्हाय मी. बायका तव्यावर पोळ्या झाल्या की गरम तव्यावर सूप धरून पाकिटं शेकायच्या. मी नळावर उभं राहून एकेक पोतं हातानं चाचपायचो. दमट लागलं तर परत. शेवंताबाईचं पोतं मी तीनदा परत केलं, तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं. मी म्हटलं, माल कोरडा पाहिजे.

---

दर साली हंगाम लागला की मी शिवाच्या गुऱ्हाळावर जायचो. मुरगूडच्या अलीकडं, रस्त्यापासनं आत. शिवा माझा चेला. माझ्या हाताखाली मळी काढत शिकला, आता त्या गुऱ्हाळाचा गुळव्या आहे. ताजा गूळ खायचो, दोन चुका काढायचो, आणि एक रवा घेऊन यायचो. अख्खी ढेप. ती गल्लीत फोडून वाटायची. "माझ्या चेल्याचा गूळ," असं म्हणत.

त्या साली एसटीतनं उतरलो आणि पायवाटेवर पाऊल टाकलं तेव्हाच नाकाला काहीतरी खुपलं. रसाचा वास होता, पण त्याच्या पाठीमागनं दुसरा वास येत होता. घशात बसणारा. रबर जळतंय का मेण, असा. धुराडं काळंकुट्ट ओकत होतं. रस काढलेल्या उसाच्या चिपाडाचा धूर असा नसतो. वाळलेल्या चिपाडाचा धूर पांढुरका असतो, डोळ्याला चावतो पण छातीला चावत नाही.

शिवा काहिलीवर होता. मला बघून त्यानं तिथनंच हात जोडले. "कवा आलासा तात्या? बसा की. हे आदण चढलंय, आलोच."

मी बसलो नाही. मी मागच्या बाजूला गेलो, चुलवाणाच्या तोंडाकडं.

चिपाडाचा ढीग भिजून कुजल्यासारखा पडला होता. जाळ घालणारा गडी एका पोत्यात हात घालून ओंजळ भरायचा आणि चुलवाणाच्या तोंडात टाकायचा. भस्सकन निळा-पिवळा जाळ उठायचा. त्याच्या पायाजवळ काही सांडलं होतं. मी वाकलो.

विडा होता. तिकोनी, घट्ट, शेपूट आत खोचलेलं.

एक नाही, पंधरा-वीस. बिस्किटाचे, शाम्पूचे, वेफर्सचे. पोत्याच्या तोंडाला माझीच गाठ होती, गुळाच्या कापडाला मारतो ती.

"हे कुठनं आलं?" मी विचारलं.

"टेम्पो येतोय की शहरातनं," तो म्हणाला. त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. भला माणूस होता, हसून बोलला. "बाकीच्या गल्ल्यांचा माल नुसता धूर करतोय बघा, चिखुल, भात, काय काय चिकटलेलं. ह्या गल्लीचा माल मातूर झकास पेटतोय. कोरडा ठणठणीत असतोय. कोन वाळवून देतंय देव जाणं."

देव नव्हे. मी. मी जाणतो.

मला तिथं काय वाटलं ते लिहिता येत नाही, मला तेवढं लिहिणं येत नाही. शेवंताबाईचे डोळे दिसले. पोतं तीनदा परत केलेलं. ही सगळी मेहनत मी चांगला जाळ व्हावा म्हणून करून घेतली होती.

मी शिवाकडं गेलो. त्याची गचांडी धरणार होतो. काहिलीच्या काठाला पोचलो, वरनं काळ्या धुराची एक झुळूक खाली आली आणि रसावरनं फिरून गेली. उघड्या रसावरनं. धुराची चव गुळात उतरते हे ह्या पोराला मीच सांगितलेलं. ओलं जळण घालू नको, आंब्याचं घाल, बाभळीचं घाल, हे मीच.

"शिवा!"

"तात्या, पाऊस बघितलासा न्हवं? चिपाड वाळंना. मालक म्हणालं, टेम्पो येतोय, घ्या. मी काय करू? ऊस तोडून पडलाय, लोकांचा ऊस हाय, त्यो थांबतोय व्हय?"

तो माझ्याकडं बघून बोलत होता. त्याचं लक्ष माझ्या तोंडाकडं होतं, काहिलीकडं नव्हतं. आणि काहिलीचा आवाज बदलला. बुडबुडा जड झाला. मी ऐकला, त्यानं नाही. माझ्या तोंडात शिवी होती, ती ओठापर्यंत आलेली, आणि तोंडातनं निघालं,

"उतरवा!"

माणसं कड्यांना भिडली. काहील उतरली. गूळ वाचला.

तेवढं मला आजवर सोसलेलं नाही. टेम्पोवाला लबाड निघाला, असतात लबाड. मालकाला चिपाड नव्हतं, नसेल. पण ते आदण करपू द्यायचं होतं मी. हौसाक्काच्या विड्यांवर शिजलेलं ते आदण काळं होऊ द्यायचं होतं. एक क्षण गप्प बसलो असतो तर झालं असतं. नाही बसता आलं. चाळीस वर्षांच्या सवयीनं माझ्याच तोंडानं ते वाचवलं, आणि शिवा खालनं म्हणतोय, "वाचलं बघा तात्या, तुमी होतासा म्हणून!"

---

परत येताना शिवानं पिशवीत रवा घातला होता, तो मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. टाकायचा तरी कुठं? शर्टाच्या खिशात एक विडा होता.

घरी गेलो नाही. सरळ हौसाक्काच्या दारात गेलो. ती उंबऱ्यात बसून एक पाकीट पुसत होती. मी रवा तिच्यापुढं ठेवला आणि त्याच्यावर विडा ठेवला.

"आक्का, बाकडं व्हायचं न्हाय."

तिनं विडा उचलला. आपल्या हातचा आहे हे तिला बघायला लागलं नाही, नुसता चाचपून कळलं. "हा कुठं घावला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, दस्तगीरला काय बोललो तेसुद्धा, आणि "उतरवा" म्हणालो तेसुद्धा. उभ्यानंच सांगितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आधी बसा," ती म्हणाली. "उभं ऱ्हाऊन किती राग करनार?"

मी बसलो. मग ती म्हणाली, "नळावर कोन सांगनार?"

"मीच."

"मग जावा. पानी यायच्या टायमाला जावा, समदी असत्यात."

नळावर मी सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, जसा शब्द दिला होता तसाच. शेवंताबाईनं तिची घागर उचलली आणि म्हणाली, "तीनदा शेकलं होतं वो मी तव्यावर." आणि गेली. नंतर कित्येक दिवस पोरं मला बघितली की म्हणायची, तात्याचं बाकडं कुठं गेलं, गुळात गेलं. मी ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा ऐकून घेतलं. आतनं जळत होतो.

दस्तगीरकडं गेलो तेव्हा तो झाकणं निवडत होता. मी काही म्हणायच्या आत त्यानं ऑर्डर दिली, "दोन चहा. ह्याचा आर्धा. उरलेला आर्धा ह्येनं मागंच पिलाय."

तो रवा मी परसात पुरला. टेम्पो पुढच्या खेपेला आला तेव्हा मी त्याच्या आडवा उभा राहिलो, आणि माझ्या बाजूला दस्तगीर. टेम्पो परत गेला. दुसऱ्या गल्लीत गेला असेल, मला माहीत आहे. तिथंही जाऊन आलो, ओरडून आलो. काहींनी ऐकलं.

---

ह्याला दोन हंगाम झाले. गल्ली अजून धुते, वाळवते. दुधाच्या पिशव्या, डबे, बाटल्या दस्तगीर नेतो, कुठं नेतो ते मी जाऊन बघून आलोय. चमकी कुणी नेत नाही. ती हौसाक्काच्या विड्यांत, माझ्याकडं. चार पोती गच्च भरलीत, तोंडं शिवलीत, आणि देवळाच्या कोपऱ्यावर नळापाशी दोन-दोन एकावर एक रचून ठेवलीत. वर जुनी गोधडी. बायका त्यावर बसतात. बसलं की कुरकुर आवाज होतो. हौसाक्का बसली की मी माझ्या दारातनं ऐकतो आणि मला परत नव्यानं राग येतो, कारण हे काही बाकडं नाही. हा कचरा आहे, मी मेल्यावरही तो तसाच असणार आहे, आणि ज्यानं केला तो कुठंतरी गार खोलीत बसून नवा रंग निवडतोय. पन्हाळ्यावर जाऊन तटावरनं खाली बघा एकदा. झाडीत चांदी चमकते. लोक तिचेही फोटो काढत असतील.

गेल्या आठवड्यात शिवा मोटरसायकलवरनं आला. दोन वर्षं मी त्याच्याकडं गेलो नव्हतो. कापडात बांधलेला रवा पुढं केला. "चिपाडावर केलाय तात्या. नुसत्या चिपाडावर. उन्हं चांगली पडल्यात औंदा. मालकाशी भांडलोय मी."

मी रवा घेतला, फडताळात ठेवला. हौसाक्का आली, वास घेतला, खडा फोडायला हात पुढं केला आणि थांबली.

"खाऊ का?"

तिनं मला विचारलं होतं. पुन्हा. जवळजवळ म्हणालोच होतो, खा की.

"आज नको," मी म्हटलं. "मी जाऊन येतो."

म्हणून परवा त्या एसटीत होतो, पाहुण्याचं पाकीट खिशात घालून. वास आला, काच ओढली, मग पुन्हा उघडली. नाक लावून बसलो. धूर पांढुरका होता. गुऱ्हाळावर कुणाशी बोललो नाही. चुलवाणाच्या तोंडाशी दगडावर बसलो आणि एक अख्खं आदण बघितलं, रस चढल्यापास्नं उतरेपर्यंत. चिपाड, उसाचा पाला, दोन बाभळीचे ओंडके. शिवा मधनं हाक मारत होता, "तात्या, उतरवू का?" मी उत्तर दिलं नाही. त्याचं त्यानं उतरवलं. बरोबर उतरवलं.

मग काठी घेऊन राख उकरली. चमकी जळाली की काळा खडा मागं राहतो. राख स्वच्छ होती, करडी, मऊ. कडेला मात्र तोंडाशी एक तुकडा सापडला. अर्धवट जळालेला, आत चांदी.

"हे काय?"

जाळ घालणारा गडी तोच होता, दोन सालांपूर्वीचा. त्यानं जीभ चावली. "माझी पुडी हाय ती. खाल्ली आनि टाकली. एक तर हाय तात्या. एका पुडीनं काय हुतंय?"

शिवा खाली आला. बघितलं. त्याचा चेहरा पडला. "तात्या, आता हे बी सांगनार व्हय तुमी गल्लीत?"

मी तुकडा खिशात घातला.

संध्याकाळी नळाला पाणी आलं होतं. हौसाक्का पोत्यांवर बसली होती, पाच-सहा बायका भोवती. शेवंताबाईही होती. मी फडताळातला रवा कापडासकट पुढं ठेवला. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

"चिपाडावरच करत्यात," मी म्हटलं. "अख्खं आदण बसून बघितलं. पर राखेत एक पुडी घावली. गड्याची. ही बघा." आणि तुकडा दाखवला.

पाणी घागरीत पडत होतं. मग हौसाक्कानं हात लांब केला, रव्याचा खडा फोडला आणि तोंडात टाकला. पोतं तिच्याखाली कुरकुरलं.

"आक्का," शेवंताबाई म्हणाली, "आगं पुडी हुती म्हनतोय की त्यो."

"म्हनूनच खाल्ला," हौसाक्का म्हणाली. "काय न्हवतं म्हनला असता तर हात लावला नसता."

तिनं एक खडा शेवंताबाईला दिला. एक माझ्यापुढं धरला.

मी घेतला नाही. मला अजून त्या एका पुडीचा राग आहे.